भाषणात एम.एस्सी.

"भाषनात यम्मेस्सी झालीया म्हनं. पर बोलतीया कुठं? बघ की, मूग गिळल्यावानी हुबी हाय!"

हे वाक्य मी ऐकलं ते शिरूरच्या पिठाच्या गिरणीत, हातात बाजरीचा डबा धरून. गिरणी चालू असली की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, आणि गंमत अशी की आपण ओरडतोय हे ओरडणाऱ्याला कळत नाही. आमच्या शास्त्रात या प्रकाराला एका फ्रेंच डॉक्टरचं नाव दिलेलं आहे. गिरणीतल्या त्या दोघींना तो डॉक्टर माहीत नव्हता. त्या मनाने कुजबुजत होत्या आणि आवाजाने बाजारात हाळी देत होत्या. नेमका तेव्हाच गिरणीचा पट्टा निसटला. घरघर एकदम थांबली आणि 'मूग गिळल्यावानी हुबी हाय' एवढे शब्द पिठाच्या धुरळ्यासारखे हवेत राहिले. दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. गिरणीवाल्यानेही पाहिलं. मी हसायला हवं होतं, किंवा 'मूग नव्हेत मावशी, बाजरी आहे' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. हे उत्तर मला सुचलंही होतं. पण सुचलेलं आणि बोललेलं यांच्यामध्ये माझ्याकडे तेव्हा एक रेल्वेचं फाटक होतं, आणि ते बहुतेक वेळा बंदच असायचं. मी डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते तपासलं. बसलेलं होतं. तरी पुन्हा तपासलं.

त्या बायकांचं काही चुकत नव्हतं. सगळा घोळ एका शब्दाचा होता. मी म्हैसूरला राहून 'स्पीच अँड हिअरिंग' या विषयात एम.एस्सी. करून आले होते. लहान मूल बोलायला कसं शिकतं, कुणाची जीभ का अडखळते, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत शब्द कसे पोचवायचे, अर्धांगवायूने ज्याची भाषा गेली त्याला ती परत कशी मिळवून द्यायची, असा तो विषय. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वस्तीत तो मोठ्या अभिमानाने इंग्रजीतच सांगितला, आणि आमच्याकडे स्पीच म्हणजे भाषण. त्यात कुणाला शंकाच नव्हती. आमच्या वस्तीत माणसाची किंमत तो माइकसमोर कसा उभा राहतो त्यावरून ठरायची. बोलूनच तर आपण इथवर आलो, असं म्हातारी माणसं सांगायची. तेव्हा सरकार आता भाषणाचीही डिग्री देतं हे ऐकून कुणी चकित झालं नाही. 'द्यायलाच पायजे' असंच सगळ्यांचं मत पडलं. 'हिअरिंग'चाही अर्थ लोकांनी लावून टाकला होता. हिअरिंग म्हणजे कोर्टातली सुनावणी. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा एक गृहस्थ अण्णांना म्हणालाही, "म्हंजी वकिलीच की, गार्डसायेब! आधी भाषन, मंग हिअरिंग."

अण्णा मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी दौंडला काढली आणि निवृत्त झाल्यावर आपल्या मूळ गावी, शिरूरला, तीन खोल्या बांधून राहिले. जन्म गाडीत काढून शेवटी जिथे रूळच नाहीत अशा गावात येऊन बसले, आणि त्याची भरपाई ते घरात करायचे. जेवायला वाढलं का असं न विचारता "ताट फलाटाला लागलं का?" असं विचारायचे. एखाद्या गोष्टीला परवानगी द्यायची तर म्हणायचे "लाइन क्लिअर". नाकारायची तर काहीच बोलायचे नाहीत, नुसता हात आडवा धरायचे. घरावरून जाणारी एसटी उशिरा आली की खिशातलं घड्याळ काढून बघायचे आणि एसटीच्या वतीने स्वतःच ओशाळायचे.

त्यांना मी अमेरिकेतल्या डॉक्टरेटचं सांगितलं ते जेवताना. आईने हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या होत्या, आणि शेंगोळ्या असल्या की अण्णा सहसा कशाला नाही म्हणत नसत. ज्या विभागात अर्ज करायचा त्याचं नाव 'कम्युनिकेशन सायन्सेस अँड डिसऑर्डर्स' असं होतं. मी ते एका दमात म्हणून टाकलं आणि रश्शात भाकरी कुस्करू लागले.

"कम्युनिकेशन म्हणजे दळणवळण," अण्णा म्हणाले. मग घास गिळून त्यांनी पुढचा डबा जोडला. "आणि डिसऑर्डर म्हणजे बिघाड. दळणवळणातले बिघाड. अगं, मी जन्मभर दुसरं काय केलं?"

"तसं नाही अण्णा..."

"सिग्नल पडत नाही, सांधा बसत नाही, पुढच्या स्टेशनचा फोन लागत नाही. आणि यावर तिकडे डॉक्टरेट देतात? आम्हाला मेमो द्यायचे!"

चुलीपुढून आई म्हणाली, "मला यवढंच सांगा, पोरगी माघारी कवा येनार?"

"टाइमटेबल आलं की सांगतो," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लाइन क्लिअर."

त्यांची समजूत दुरुस्त करायचं मी मनात योजलं आणि ते पुढे ढकललं. मग पुढे ढकलण्याची गरजच उरली नाही. माणसाला एक म्हणायचं असतं आणि समोरच्यापर्यंत ते पोचत नाही, मध्ये कुठेतरी सांधा बसलेला नसतो, हाच तर आमचा विषय. पुढे जन्मभर शिकवताना पहिल्या तासाला मी अण्णांचीच व्याख्या सांगत आले. तिच्यापेक्षा सोपी मला अजून सापडलेली नाही.

मी गप्प का असायचे, हे आता सत्तरी ओलांडल्यावर सांगायला हरकत नाही. दौंडला अण्णांनी मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मराठी बोललं तर कुणी मारत नसे, सिस्टर फक्त एक भुवई वर करायची, आणि तेवढं पुरायचं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला पुढून काढून मागच्या टोकाला लावतात, आणि आलेली गाडी उलट्या तोंडाने निघते. माझ्या जिभेचं रोज तेच व्हायचं. शाळेच्या फाटकाशी इंजिन या टोकाला, घराच्या दाराशी त्या टोकाला. घरी मी 'इमल' होते, कारण आमच्याकडे विठ्ठलाचा इठ्ठल होतो आणि विहिरीची हीर होते. शाळेत मी 'विमी' झाले. पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर बाईंनी हजेरीला मला स्वच्छ, धुतलेली 'विमल' करून दिलं. त्याच आठवड्यात मी वर्गात 'पानी' म्हणाले आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मग मी घोकून घोकून 'पाणी' शिकले. सुट्टीत शिरूरला येऊन ते म्हणून दाखवलं, तर माझ्या चुलत बहिणी पदर तोंडाला लावून हसल्या : "पुन्याची झाली गं इमल!" दोन्हीकडून हसू आल्यावर मी असा हिशेब केला की न बोलण्यात न आणि ण यांचा प्रश्नच येत नाही. तहान लागली की मी खुणेने पाणी मागायचे. आणि गप्प माणसाला एक फायदा असतो, त्याला दुसऱ्यांची तोंडं बघायला भरपूर वेळ मिळतो. कोण कोणत्या अक्षराशी थबकतं, कोण कोणता शब्द टाळून बाजूच्या गल्लीतून जातं, हे मी बघत राहिले. हा विषय का निवडला, असं त्या अर्जात विचारलं होतं. तिथे मी सेवाभावाबद्दल एक सुंदर परिच्छेद लिहिला. खरं कारण हे होतं.

अर्ज गेला आणि पुष्कळ दिवसांनी विभागप्रमुखांचं उत्तर आलं. गुण चांगले होते, शिफारशी चांगल्या होत्या. पण शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने 'अतिशय शांत स्वभावाची' असं लिहिलं होतं, आणि त्याने ते गृहस्थ जरा काळजीत पडले होते. शिष्यवृत्ती दिली तर मला तिथे नव्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागणार होतं, रुग्णांसमोर बसून बोलावं लागणार होतं. तेव्हा त्यांना माझं बोलणं ऐकायचं होतं. थोडं इंग्रजीत, थोडं घरच्या भाषेत. लिहून वाचलेलं नको, बोललेलं हवं. एका कॅसेटवर, आणि निवड व्हायच्या आत. शिष्यवृत्तीशिवाय जाणं ही आमच्या घरात बोलण्याचीही गोष्ट नव्हती. म्हणजे जे मी इतकी वर्षं टाळत आले होते तेच आता पाकिटात घालून, वर तिकिटं चिकटवून अमेरिकेला पाठवायचं होतं.

आमच्या ओळखीत टेपरेकॉर्डर एकाच ठिकाणी होता, दौंडला ग्रेस आंटीकडे. ग्रेस आंटी एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची विधवा. तिचा नवरा इंजिनात आणि अण्णा शेवटच्या डब्यात, अशी त्या दोघांची मैत्री होती. मध्ये सगळी मालगाडी. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला होता. आईला पत्र लिहायचा कंटाळा म्हणून त्याने तिला ते यंत्र पाठवलं होतं, आणि मायलेक एकमेकांना कॅसेटी धाडायचे. मी एसटीने न्हावऱ्यावरून दौंडला गेले. शेजारच्या बाईच्या मांडीवर कांद्याचं पोतं होतं आणि ते प्रत्येक वळणावर माझ्या मांडीवर येत होतं. मी मनातल्या मनात इंग्रजी भाषण घोकत होते. होय, घोकत होते. बोललेलं हवं असं त्यांनी लिहिलं असलं, तरी आधी लिहून, पाठ करून मग बोललेलं चालेल, अशी मी स्वतःशीच मांडवली केली होती.

ग्रेस आंटीच्या क्वार्टरमध्ये खिडकीला जाळीचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे यार्ड. शंटिंगचं इंजिन सारखं धापा टाकत होतं. तिने टेबलावर यंत्र ठेवलं, लाल बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसली. मी डोळे मिटून सगळं म्हणून टाकलं, स्वल्पविरामांसकट. तिने ते उलटं फिरवून ऐकवलं. एक थंड, सपाट बाई बोलत होती.

"विमी डार्लिंग," ग्रेस आंटी म्हणाली, "यू साउंड लाइक द ट्रेन इज रनिंग लेट. चल, आदी जेव."

तिने बॉल करी आणि पिवळा भात केला होता. ती बॉल करी म्हणजे खिम्याचे गोळे घातलेली लालभडक आमटी, आणि ती माझ्या जिभेला लहानपणापासून ओळखायची. जेवता जेवता आंटीने शिरूरचं विचारलं. मी गिरणीचं सांगितलं. मुगांचं इंग्रजी करून सांगताना मलाच हसू फुटलं. अण्णांच्या दळणवळणाचं सांगितलं, त्यांचा आडवा हात करून दाखवला. आंटी हसता हसता ठसकली, मी तिला पाणी दिलं, तिने नवऱ्याची एक जुनी चहाटळ गोष्ट सांगितली, मी तिला 'छी, आंटी!' म्हणाले. ताटं उचलताना तिने पाव झाकायचा रुमाल बाजूला केला. खाली यंत्र फिरत होतं.

"देअर," ती म्हणाली. "ऑल ऑफ इट. इन्क्लुडिंग माय बर्प."

मी ते खोडून टाकायला निघाले तेव्हा तिने माझा हात पकडला. "दॅट्स यू, माय गर्ल. इंग्लिशचा काम झाला. नाऊ ओन्ली मराठी. दॅट्स द ईझी वन, नो?"

तिने यंत्र मला उसनं दिलं, आणि मी ते परतीच्या एसटीत तान्ह्या बाळासारखं कुशीत धरून आणलं. मराठीची बाजू कोरी होती.

लोकांना वाटेल, इंग्रजी कठीण आणि मायबोली सोपी. माझं उलटं होतं. घरच्या खोलीत दार लावून मी यंत्रासमोर बसले आणि तोंडातून निघालं ते "माझे गाव घोड नदीच्या काठी वसलेले आहे" असं. पुढे नदीचं वर्णन, मग बाजारपेठेचं. सगळे ण जागच्या जागी. ऐकून पाहत होते तेवढ्यात आई पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आली आणि कान देऊन उभी राहिली.

"कोन बाई बोलतीया ही?" तिने विचारलं. "रेडूवरली का?"

"मीच आहे गं."

आईने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला माझा अपमान करायचा नव्हता. ती नुसती बघत होती, हरवलेली वस्तू हीच का, असं बघावं तसं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "पर आपली इमल न्हाई वाटत." आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. थाप थाप आवाज स्वयंपाकघरातून येत राहिला. घरची भाषा पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि घराने तर ती ओळखली नव्हती. मी कॅसेट मागे फिरवली आणि पुसून टाकली. असं आणखी तीनचार वेळा झालं. शेवटी आई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "नदीचं चाललंय अजून. पूर काय उतरंना."

याच दिवसांत दगडूमामा घरी आले. दगडूमामा नगरपालिकेत मुकादम होते आणि आमच्या वस्तीच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष. आडव्या अंगाचे, पांढरीशुभ्र टोपी, खिशाला दोन पेनं. त्यांचं बोलणं अख्ख्या शिरूरला माहीत होतं, कारण त्यांना दर दोन वाक्यांनी 'तर मंडळी' म्हणायची सवय होती. सभेत म्हणायचे, चहाच्या टपरीवर म्हणायचे. गोठ्यात एकट्या म्हशीलाही म्हणतात असं त्यांची बायको सांगायची. पोरंटोरं त्यांची नक्कल करायची. ओसरीवर त्या दिवशी मंडळी म्हणून अण्णा, मी आणि आमची शेळी एवढेच होतो.

"गार्डसायेब," मामा म्हणाले, "यंदा वक्ता भाईरून आनायचा न्हाई. दर साली आपला पुन्याहून मानूस यायची वाट बघायची, तो येतो जेवनाच्या टायमाला. तर मंडळी, परमुख वक्ता आपल्याच आळीत बसलाय. तर मंडळी, पोरगी भाषनात यम्मेस्सी! उद्या अमेरिकेला जानार. ती बोलंल आन् आख्खी वस्ती ऐकंल."

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. माझी सवयच ती. 'परमुख'च्या आधी ओठ मिटले ते उघडेनात. एक क्षण, अगदी एक क्षण, डावी पापणी फडफडली, मांडीवरच्या हाताने टिचकी दिली, आणि मग 'तर मंडळी' येऊन त्या बंद दाराला खांदा लावला. 'पोरगी'च्या आधीही तेच. ज्याला सगळं गाव वक्ता म्हणून ओळखत होतं तो माणूस तोतरा होता. आयुष्यभर त्याने दोन शब्दांच्या मागे ते असं लपवलं होतं की ती लोकांना ऐट वाटावी. म्हैसूरला आम्हाला अशा युक्त्या पुस्तकातून शिकवल्या होत्या. इतक्या झोकात वापरलेली युक्ती मी कुठेच पाहिली नव्हती. मी बघतेय हे मामांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. ते थोडेसे खाकरले आणि पेनं नीट केली. (हे आज लिहितेय ते त्यांच्या थोरल्या लेकीला विचारून. ती हसून म्हणाली, "लिही की. आमाला घरात ठावंच व्हतं.")

"मामा," मी धीर करून म्हणाले, "मी भाषण नाही शिकले. ते वेगळं असतं. म्हणजे..."

"इनय हाय पोरीचा," मामा अण्णांना म्हणाले. "शिकल्याली मानसं आशीच बोलत्यात."

मी अण्णांकडे पाहिलं. आडवा हात यावा अशी मनोमन प्रार्थना केली. अण्णांनी खोलीतल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. नदीचा पूर त्यांनीही ऐकलेला होता. मग ते सावकाश म्हणाले, "मामा, माइकपाशी एक मशीन ठेवायला जागा होईल का? तर लाइन क्लिअर."

जयंतीच्या दिवशी सकाळपासून वस्तीत निळ्या पताका फडफडत होत्या आणि विहारासमोरच्या झाडावर कर्णा बांधलेला होता. तो कर्णा दिवसभर 'हॅलो, माइक टेस्टिंग' एवढंच म्हणत होता. आईने बुंदीचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो शेळीला दिला. आईने मला पांढरं पातळ नेसवलं, निऱ्या घालता घालता म्हणाली, "भ्यायचं काय त्यात? समदी आपलीच हायती." तिला कसं सांगावं की आपलीच आहेत म्हणूनच भ्यायचं होतं. परक्यांपुढे मी विमल होऊन बोलले असते, आंटीपुढे विमी होऊन.

संध्याकाळी पंचशील झालं, लहान मुलींची गाणी झाली. माणसं ओटे, भिंती, बैलगाड्या जिथे जागा मिळेल तिथे बसली होती. बायका पुढे सतरंजीवर. त्यांत गिरणीतल्या त्या दोघी होत्या, एकमेकींना चिकटून, आणि त्यांच्या शेजारी आई, चुलतीच्या मांडीवर हात ठेवून. अण्णा गार्डाचा जुना काळा कोट घालून, त्या उकाड्यात, माइकच्या पायाशी उकिडवे बसले होते. समोर टेपरेकॉर्डर. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि बटणावर बोट ठेवलं. दगडूमामांनी माझी ओळख करून दिली. त्यात भाषण, कोर्ट आणि अमेरिका असं सगळं आलं. तीनदा 'तर मंडळी' आलं. मग टाळ्या झाल्या, मी उभी राहिले, आणि अण्णांनी खिशातून खराखुरा हिरवा झेंडा काढून एकदा हलवला. माणसं हसली. बटण दाबल्याचा कट्‌ आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी तोंड उघडलं. 'अध्यक्ष महोदय आणि उपस्थित बंधुभगिनींनो' अशी सुरुवात मी तयार केली होती, आणि ती घशाशी येऊन थांबली. कारण ती त्या रेडिओवरच्या बाईची होती. समोर आई बसली होती. मी दुसरं काही शोधू लागले, पण घरची भाषा नेमकी कुठे ठेवली होती तेच आठवेना. ओठ मिटले. मला अगदी शास्त्रीय स्वच्छतेने कळत होतं की आता ओठांचे स्नायू ताणलेले आहेत, श्वास अडलेला आहे, डावी पापणी फडफडते आहे. माहिती सगळी होती, उपयोग काही नव्हता. कर्णा गुंईऽऽ करत होता. लांब कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. गिरणीतल्या बायकांपैकी एकीने दुसरीला कोपर मारलेलं मी पाहिलं.

ती कॅसेट पुढे समुद्रापार गेली. एका बाजूला आंटीचा ढेकर, दुसऱ्या बाजूला आमची वस्ती. शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा त्यात माझ्या मराठीबद्दल एकच ओळ होती, की बाकीचं त्यांना समजलं नाही, पण हशा समजला. त्या विभागप्रमुखांची पहिल्यांदा भेट झाली तेव्हा त्यांनी आधी कोट काढून ठेवायला सांगितलं, कॉफी दिली आणि मग विचारलं, की टेपवर आधी ती लांबलचक शांतता आहे, तू बोलायच्या आधी एक म्हातारा माणूस काहीतरी पुटपुटतो आणि सगळे लोक हसतात. तो काय म्हणतो? मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मला पुन्हा पुन्हा उच्चारायला लावलं.

झालं होतं असं. दगडूमामा माझ्या मागेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझी पापणी पाहिली असेल, किंवा मांडीवर वाजणारं माझं बोट. ते अर्धवट उठले, पुढे वाकले आणि माझ्या कानाशी हळूच बोलले. पण माझा कान आणि माइक यांत वीतभरही अंतर नव्हतं, आणि ज्या माणसाने जन्मभर स्वतःचं गुपित सांभाळलं त्याच्या ते ध्यानात राहिलं नाही. किंवा राहिलं असेलही. झाडावरचा कर्णा सगळ्या वस्तीला, नदीच्या काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला :

"तर मंडळी म्हन, पोरी. आडकलं की म्या बी त्येच म्हंतो. फुडचं आपसूक येतं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या सतरंजीवरून हसू सुटलं, ओट्यांवर चढलं, बैलगाड्यांपर्यंत गेलं. मामा गोरेमोरे झाले आणि मग स्वतःच टोपी काढून हसायला लागले. आई पदराने डोळे पुसत हसत होती. गिरणीतल्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. त्या सगळ्या हसण्यात मला कॉलेजातल्या पुढच्या बाकावरचं हसू कुठेच ऐकू आलं नाही. अण्णा मात्र हसत नव्हते. त्यांचं बोट बटणापाशी होतं, नजर माझ्यावर, आणि हिरवा झेंडा गुडघ्यावर अजून उलगडलेला. मी माइक दोन्ही हातांनी धरला. ओठ सुटले.

"तर मंडळी," मी म्हणाले, "मी इमल. मला भाषन येत न्हाई."